आधी रांग, मग यंत्र

लोणावळ्यातून तुंगार्लीकडे वळलं की जागोजागी फलक दिसतात: ‘बुकिंग सुरू’. फलकावर बंगला असतो, बंगल्यापुढे निळाशार पोहण्याचा तलाव, मागे धुक्यातला डोंगर. फलकामागच्या प्लॉटवर मात्र बहुतेक वेळा गवत आणि एखादी म्हैस असते. पुण्या-मुंबईची माणसं गाडी थांबवतात, फोटो काढतात, नंबर लावतात. जे अजून नाही ते विकत घेण्याची रीत आपल्याला अजिबात नवी नाही. ‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ ही म्हण कुणीतरी वैतागूनच रचली असणार.

जमिनीच्या व्यवहारात या रीतीला जुना शब्द आहे: इसार. सौदा तोंडी ठरला की थोडी रक्कम हातावर ठेवायची, इसारपावती करायची. पण इसारात जमीन तरी समोर असते, चारी बाजूंनी चालून बघता येते. इमारतीच्या बुकिंगमध्ये तीही सोय नाही. म्हणून २०१६ साली रेरा कायदा आला आणि २०१७ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात महारेरा सुरू झालं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्चावे लागतात. न बांधलेल्या घरासाठी दिलेला पैसा हा साध्या खरेदीचा पैसा नसतो, हे कायद्याने मान्य केलं. त्या पैशातूनच घर उभं राहणार असतं.

हे सगळं मला आठवतं ते घरांमुळे नाही, एका अगदी वेगळ्या बुकिंगमुळे.

तुंगार्लीत आम्ही पाच-सहा जण अधूनमधून जमतो. सगळे सॉफ्टवेअरवाले, सगळ्यांना एकच खूळ: खिशात मावेल असा पूर्ण कॉम्प्युटर. बारीक का होईना पण खरा कीबोर्ड, आत लिनक्स, आणि त्यावर काय चालवायचं हे ठरवण्याचा हक्क सर्वस्वी आपला. तुम्ही म्हणाल, मोबाइल आहे की! मोबाइल आहे, पण त्यात काय बसवायचं, कधीपर्यंत अपडेट मिळणार, कुठलं बटण दाबायची परवानगी आहे, हे दुसरं कुणीतरी ठरवतं. आपण फोनचे मालक कमी आणि भाडेकरू जास्त. या खुळाची यंत्रं दुकानात मिळत नाहीत. ती आधी नोंदवायची असतात, पैसे आधी भरायचे असतात आणि मग थांबायचं असतं. कधी महिने, कधी वर्षं. दरम्यान आम्ही कीबोर्डच्या बटणांच्या अंतरावरून तासन् तास भांडतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

आधी पैसे का मागतात, याचं कारण लबाडी नाही, गणित आहे. यंत्राच्या प्लास्टिकच्या आवरणासाठी पोलादी साचा करावा लागतो. एक नग काढा की लाख, साच्याचा खर्च तोच. लाखभर नगांवर तो विरघळून जातो. तीन हजारांवर तो प्रत्येक नगाच्या मानेवर बसतो. चिप, स्क्रीन, बॅटरी बनवणारे किरकोळ मागणीकडे बघतही नाहीत. त्यांना ठरावीक संख्येची ऑर्डर आणि आगाऊ पैसे लागतात. मोठी कंपनी हा खर्च स्वतःच्या तिजोरीतून करते. चार-पाच हौशी लोकांकडे तिजोरी नसते. त्यांची तिजोरी म्हणजे आम्ही.

या जमातीत सगळ्यांना पाठ असलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे ओपनपँडोराची. ब्रिटन, जर्मनी, कॅनडा अशा ठिकाणच्या काही उत्साही माणसांनी एकत्र येऊन एक चिमुकला लिनक्स कॉम्प्युटर आखला. ४.३ इंचांचा टचस्क्रीन, कीबोर्ड, खेळण्यासाठी बटणं, दहा-बारा तास चालणारी बॅटरी. ३० सप्टेंबर २००८ ला नोंदणी उघडली, किंमत सुमारे २०० पौंड. पहिल्या खेपेची हजारो यंत्रं बघता बघता नोंदली गेली. त्याच वर्षअखेर ती घरी पोचणार होती. पहिली यंत्रं निघाली २०१० च्या मे महिन्यात. ‘दोन महिन्यांत येतंय’ हा त्या लोकांतला कायमचा विनोद होऊन बसला. मधल्या काळात कार्डाने भरलेले पैसे परत करावे लागले, कारण वस्तू तयार नसताना इतके दिवस पैसे धरून ठेवणं बँकेला मान्य नव्हतं. मला या गोष्टीतला सर्वांत विलक्षण भाग हाच वाटतो: ज्यांना पैसे परत मिळाले त्यांच्यातल्या अनेकांनी ते दुसऱ्या मार्गाने पुन्हा भरले.

म्हणजे दार उघडं होतं, बाहेर पडता येत होतं, तरी माणसं उलट पावली रांगेत येऊन उभी राहिली. याला निव्वळ खरेदी कसं म्हणायचं?

नोंदणीचा पैसा नेमका कशाचा असतो, हा माझ्या लेखी इथला खरा प्रश्न आहे. तीन वेगवेगळ्या रांगा शेजारी ठेवून पाहू.

पहिली रांग आपल्या वडिलांच्या-आजोबांच्या पिढीची, बजाज चेतकची. आकुर्डीच्या कारखान्यातून १९७२ पासून निघणाऱ्या या स्कूटरसाठी एकेकाळी दहा-दहा वर्षं थांबावं लागे. लग्नात नंबर लावला आणि स्कूटरवरून मुलाला शाळेत सोडलं, असे किस्से पुण्यात घरोघरी आहेत. तिथे थांबण्याचं कारण परवाना राज होतं. स्कूटर होती, कारखाना होता; किती काढायच्या यावर मर्यादा होती. नोंदणीची अनामत पोस्टाच्या खात्यात पडून राही. पैसा सुरक्षित, ओलीस फक्त वेळ.

दुसरी रांग २०२१ सालची. वाल्व्ह या बलाढ्य अमेरिकी कंपनीने स्टीम डेक नावाचं हातात धरायचं यंत्र जाहीर केलं, आतून लिनक्सवर चालणारं. नंबर लावायला पाच डॉलर. यंत्रं निघाली २०२२ च्या फेब्रुवारीअखेर. त्या पाच डॉलरांतून कुणी साचा बनवला नसणार. ते पैसे म्हणजे ‘मी खरंच घेणार आहे’ एवढं सांगणं. रांगेतली जागा, बाकी काही नाही.

तिसरी रांग पँडोराची आणि तिच्यासारख्या सगळ्या छोट्या यंत्रांची. इथे पैसा पोस्टात पडून नाही आणि तो निव्वळ जागा राखण्यासाठीही नाही. तो साच्यात, चिपांत, मदरबोर्डांत जातो. यंत्र फसलं तर तो उरलेला नसतो. याला व्यापारी भाषेत भांडवल म्हणतात.

भांडवल घालून वाट पाहण्याचं उदाहरण तर तुंगार्लीच्या शेजारीच आहे. वळवण धरण ज्या योजनेत झालं त्या टाटांच्या जलविद्युत कंपनीची स्थापना १९१० ची. भारतीयांनी, त्यात संस्थानिकांनीही, तिचे शेअर घेतले. १९११ मध्ये पायाभरणी झाली आणि लोणावळ्याच्या पावसावर खोपोलीत तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळायला १९१५ उजाडलं. तिथेही माणसं कागदावरच्या यंत्रासाठी वर्षानुवर्षं थांबलीच. पण त्यांच्या हातात शेअर होता. त्यासोबत ताळेबंद मागण्याचा हक्क होता, सभेत उभं राहून प्रश्न विचारण्याचा हक्क होता, आणि योजना यशस्वी झाली तर लाभांश होता.

छोट्या यंत्राची नोंदणी करणारा धोका भागधारकाचा पत्करतो आणि हक्क मात्र गिऱ्हाइकाचे घेऊन बसतो. प्रकल्प यशस्वी झाला तर त्याला एकच यंत्र मिळतं, तेही विकत. बुडाला तर पैसे जातात. हा सौदा वाकडा आहे आणि बहुतेकांना तो वाकडा असल्याचं ठाऊक असतं. तरी ते करतात, कारण नाहीतर असं यंत्र या जगात जन्मालाच येणार नाही.

मग बनवणाऱ्यावर काय देणं लागतं? ‘यंत्र देणं लागतो’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. ‘देईन’ आणि ‘देण्याचा प्रयत्न करीन’ ही दोन वेगळी वचनं आहेत. बनवणारा मनातल्या मनात दुसरं वचन देत असतो, पैसे भरणारा पहिलं ऐकत असतो आणि पावतीवर दोन्हींपैकी काहीच स्पष्ट लिहिलेलं नसतं. माझ्या मते, ज्या क्षणी दुसऱ्याचा पैसा हातात येतो त्या क्षणी निदान एक गोष्ट ‘प्रयत्ना’तून निघून ‘देणं’ होते, ती म्हणजे हिशेब. यंत्र जमेल न जमेल. मदरबोर्ड सदोष निघतील, पुरवठादार शब्द फिरवेल, साचा चुकेल. यातलं सगळं बनवणाऱ्याच्या हातात नसतं. काय बिघडलं, किती पैसे उरले, आता काय करणार, हे सांगणं मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असतं.

याचं मराठीतलं उदाहरण यंत्राचं नाही, पुस्तकांचं आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचं काम हाती घेतलं तेव्हा त्यांच्यामागे ना सरकार होतं ना विद्यापीठ. त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित कंपनी उभी केली आणि लोकांना शेअर विकले. तेवीस खंडांचा कोश, जो लिहिलाच गेलेला नव्हता, त्यासाठी माणसांनी पैसे दिले. कोश पुरा झाला. पण आपल्या विषयासाठी मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. केतकरांनी या सगळ्या खटाटोपाचा इतिहास ‘माझे बारा वर्षांचे काम’ म्हणून लिहून ठेवला. खंड हातात दिल्यावर ‘झालं, फिटलं’ म्हणून ते मोकळे होऊ शकले असते. पण लोकांच्या पैशावर केलेल्या कामाची हकिगत लोकांपुढे ठेवण्यात एक सभ्यता आहे, आणि ती यशापयशावर अवलंबून नाही.

फसवणूक आणि अपयश यांच्यातला फरकही मला इथेच सापडतो. २०१६ च्या फेब्रुवारीत नोएडाच्या एका कंपनीने २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली. देशभर झुंबड उडाली, वेबसाइट कोसळली. त्या किमतीत स्क्रीनसुद्धा येत नाही, हे आमच्यातल्या कुणीही सांगितलं असतं. त्या फोनच्या जाहिरातीत एकही अडचण नव्हती. खऱ्या छोट्या प्रकल्पाकडे मात्र अडचणींखेरीज सांगण्यासारखं फारसं काही नसतं: बिजागरी तुटते आहे, बॅटरी फुगते आहे, अमुक चिप बंद झाली. अडचणी सांगणारा माणूस कदाचित अयशस्वी होईल. अडचण नसलेल्या माणसापासून मात्र पाकीट सांभाळावं.

आता या सगळ्यातला सर्वांत अवघड पेच. पँडोराच्या बाबतीत पुढे असं झालं की आधी घेतलेले पैसे संपले, अनेक मदरबोर्ड सदोष निघाले, उत्पादन जर्मनीत हलवावं लागलं आणि जुने नोंदणीदार थांबलेलेच राहिले. त्यातून काढलेला मार्ग असा: नव्या गिऱ्हाइकाला जास्त किमतीत लगेच यंत्र द्यायचं आणि त्या जादा पैशातून जुन्यांची यंत्रं बनवायची. म्हणजे २००८ मध्ये पैसे भरलेला माणूस खिडकीतून बघतो आहे आणि काल आलेला यंत्र घेऊन घरी चालला आहे. चेतकच्या काळातही परदेशी चलनात पैसे भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे, आणि आठ वर्षं थांबलेल्या कारकुनाला ते बघताना काय वाटत असेल याची कल्पना करता येते.

हे न्याय्य आहे का? मला आधी वाटे, रांग म्हणजे रांग. जो आधी आला त्याचा मान आधी. आणि इथे तर आधी आलेल्याने नुसता वेळ दिलेला नाही, कुणाचाच विश्वास नव्हता तेव्हा त्याने विश्वास ठेवलेला आहे. पण चेतकच्या रांगेत आणि या रांगेत एक फरक आहे. परदेशी चलनवाल्याने पुढे घुसून कारकुनाची स्कूटर लवकर येत नव्हती. तो फक्त पुढे जात होता. पँडोराच्या रांगेत नवा माणूस पुढे गेल्यामुळेच मागच्याचं यंत्र बनण्याची शक्यता तयार होत होती. सगळ्यांना सारखं थांबवलं असतं तर सगळे सारखेच रिकाम्या हाताने परतले असते. म्हणून मला तो मार्ग मान्य आहे, दोन अटींवर. जुन्यांना तो आधी सांगितला पाहिजे, विचारल्यासारखा. आणि नव्याच्या जादा पैशातला किती भाग खरोखर जुन्यांकडे गेला, हे दिसलं पाहिजे. पुन्हा गाडी हिशेबावरच येते. हिशेबाशिवाय हाच मार्ग म्हणजे एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर. काही जुन्या नोंदणीदारांना यंत्र कधीच मिळालं नाही. ते रागावले तर त्यांना ‘प्रकल्पाचे शत्रू’ म्हणण्याचा अधिकार कुणालाच नाही, यंत्र मिळालेल्यांना तर मुळीच नाही.

याच मंडळींतल्या मायकेल म्रोझेक यांनी पुढे पायरा नावाच्या यंत्राची नोंदणी २०१६ मध्ये उघडली. पहिली मोजकी यंत्रं लोकांच्या हाती पडेपर्यंत चारएक वर्षं उलटली. त्यातला प्रोसेसर २०११ मध्ये जाहीर झालेल्या मालिकेतला, आणि ती बनवणाऱ्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने २०१२ मध्येच मोबाइलच्या बाजारातून अंग काढून घ्यायला सुरुवात केली होती. थांबता थांबता यंत्र जन्माआधीच म्हातारं होतं. तरीही पँडोराची पोळी भाजलेले कित्येक जण पायराच्या यादीत होते.

त्यांना वेडे म्हणण्याआधी सिम्प्युटर आठवावा. लिनक्सवर चालणारा, हातात मावणारा भारतीय कॉम्प्युटर, बंगळुरूत आखलेला. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांची एन्कोर कंपनी यांनी मिळून त्याची कल्पना मांडली, २००१ मध्ये त्याचा नमुना दाखवला. वाचता न येणाऱ्यालाही वापरता यावा म्हणून तो भारतीय भाषांत बोले. गावात एकच यंत्र आणि प्रत्येकाचं स्वतःचं स्मार्ट कार्ड, अशी योजना होती. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनलेला अमिडा सिम्प्युटर सुमारे दहा हजार रुपयांपासून विक्रीला आला. यंत्र हलवलं की त्याला हालचाल कळत असे; आयफोन यायला अजून तीन वर्षं होती. आणि तो खपला अवघा काही हजार. सरकारी खात्यांच्या मोठ्या ऑर्डरी येतील ही आशा फळली नाही, तोवर मोबाइल स्वस्त झाले.

पँडोराकडे रांग होती, यंत्र नव्हतं. सिम्प्युटरकडे यंत्र होतं, रांग नव्हती. ज्यांच्यासाठी तो बनवला त्या माणसांकडे आगाऊ द्यायला पैसे नव्हते, आणि ज्यांच्याकडे पैसे होते त्यांना तो आपला वाटला नाही. म्हणून मला पायराच्या यादीतल्या माणसांचं हसू येत नाही. एखादी गोष्ट जगात असावी असं वाटणाऱ्यांपैकी कुणीतरी ती नसताना पैसे मोजावे लागतात. कुणी मोजायचे, हा प्रश्न उरतो.

तो प्रश्न माझ्यापुढे अगदी साध्या रूपात आला. ऑफिसमधला एक मुलगा, नोकरीला लागून दीड वर्ष झालेलं, शिक्षणकर्जाचे हप्ते चालू. एका नव्या यंत्राची नोंदणी चालू आहे. यंत्राचं नाव इथे महत्त्वाचं नाही. कस्टम धरून चाळीसेक हजार. तो म्हणाला, “दादा, घेऊ का? तुमचं पण नाव आहे ना त्यात?”

नाव आहे. आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की या विषयावर माझा सल्ला निःपक्ष असूच शकत नाही. प्रत्येक नव्या नोंदणीने साच्याचा खर्च आणखी एकाच्या मानेवर वाटला जातो. तो रांगेत आला तर माझं यंत्र येण्याची शक्यता वाढते. मी त्याला बिजागरीबद्दल, कीबोर्डबद्दल जे भरभरून सांगत होतो, त्यातला किती उत्साह होता आणि किती वसुली, हे मलाही वेगळं काढता येईना. तुंगार्लीच्या बंगल्यांचा दलाल निदान दलाल म्हणून तरी समोर येतो. आम्ही मित्र म्हणून येतो.

उत्साह हा काही गुन्हा नाही. लिनक्सचं सगळं जगच एकमेकांना ‘हे बघ, हे करून बघ’ म्हणणाऱ्या माणसांनी उभं केलं आहे. पण सॉफ्टवेअर करून बघायला फुकट असतं, फसलं तर एक संध्याकाळ जाते. तीच जीभ, तोच सूर आपण यंत्राच्या बाबतीत वापरतो, जिथे समोरच्याचे दोन-तीन हप्ते पणाला लागतात. आणि जितकी वर्षं आपण थांबलेले असतो तितकं आपलं बोलणं गोड होत जातं, कारण प्रकल्प वाईट आहे असं म्हणणं म्हणजे आपली वर्षं वाया गेली असं म्हणणं.

मी त्याला सांगितलं ते असं. हे पैसे गेले तरी घरी कुणाला सांगावं लागणार नाही, एवढेच पैसे यात घालायचे. ते चाळीस हजार तसे नसतील तर थांब. यंत्र आलं तर दुकानातून घे, महाग मिळेल, पण मिळेल. ‘तुझ्यासारखे थांबले म्हणून प्रकल्प बुडाला’ असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून दे. जगात एक चांगलं यंत्र कमी असण्याची जबाबदारी हप्ते भरणाऱ्या मुलावर नसते. आणि घ्यायचंच असेल तर यंत्राचे फोटो बघू नकोस, त्यांनी गेल्या वर्षभरात वाईट बातम्या कशा सांगितल्या ते वाच. कुणी पैसे परत मागितले तेव्हा काय झालं ते शोध.

पण हे सगळं सांगायच्या आधी मी त्याला यादीतला माझा नंबर सांगितला, आणि तू आलास तर माझा काय फायदा आहे तेही. तो हसला आणि म्हणाला, “म्हणजे तुम्ही पार्टी आहात.” आहेच. त्याने अजून काही ठरवलेलं नाही. तो सध्या त्या लोकांनी लिहिलेल्या जुन्या बातम्या वाचतो आहे आणि मला अडचणीचे प्रश्न विचारतो आहे; त्यातल्या काहींची उत्तरं मलाही शोधावी लागली. बनवणाऱ्यांकडे हिशेब मागणारे आपण, दुसऱ्याला रांगेत बोलावताना आपला नंबर आधी सांगायचा, एवढी रीत आमच्या पाच-सहा जणांत तरी पडावी असं मला वाटतं. पुढच्या वेळी जमलो की कीबोर्डच्या आधी हाच विषय काढणार आहे.